रिकामा पाय

लोकांची इंजिनं बंद पाडणं हा माझा धंदा आहे. त्यासाठी मला पगार मिळतो, आणि ज्यांची इंजिनं बंद पाडतो ती माणसं जाताना वर मला 'थँक्यू सर' म्हणतात. माझी मुलगी म्हणते, बाबा, इतक्या सुखाची नोकरी जगात दुसरी नसेल.

इंजिनं अर्थात खोटी. शहराबाहेर गोदामांची रांग आहे, तिच्या टोकाला आमचं प्रशिक्षण केंद्र. उंच पत्र्याचा हॉल आणि त्यात सहा लोखंडी खांबांवर उभा असलेला एक पांढरा डबा. कागदोपत्री तो सिम्युलेटर, पण आम्ही सगळे त्याला डबाच म्हणतो. आत दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचा कॉकपिट जसाच्या तसा आहे. दोन खुर्च्या, दोन्हींपुढे पायाखाली पेडल, मधोमध थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करायच्या, दोन दांड्या, समोर अर्धगोल पडदा. पडद्यावर धावपट्टी, आकाश, थोडी झाडं. खांब खालीवर झाले की डबा कलतो आणि आत बसलेल्याच्या पोटात खऱ्या विमानात येतो तसाच गोळा येतो. दोन्ही खुर्च्यांच्या पाठीमागे तिसरी खुर्ची आहे, ती माझी. तिच्या पट्ट्याचा खटका जुना आहे, लागताना दोनदा वाजतो. पट्टा लावायचा, पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर बोट टेकवायचं, की पुढच्या बिचाऱ्याचं एक इंजिन गेलं.

मी स्वतः पुष्कळ वर्षं विमान उडवलं. मग एका तपासणीत माझ्या हृदयाचा ठोका मधूनच चुकतो असं निघालं, परवाना गेला, आणि मी पुढच्या खुर्चीवरून मागच्या खुर्चीवर आलो. तक्रार नाही. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं. बायको गेली, त्यानंतर मुलगी नोकरीसाठी दूर गेली, आणि आता घरी बोलायला खरोखरच भिंती सोडून कोणी नाही. दोन खोल्या मी वापरतो. तिसरीचं दार लावलेलं असतं.

तर मी शिकवतो ते असं. विमानाची चाकं जमीन सोडतात न सोडतात तोच एक इंजिन गेलं, तर कोणतं गेलं हे आधी ओळखावं लागतं. घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नसतं, आणि काटे वाचत बसलं तर तेवढ्यात जमीन येते. म्हणून आमच्यात पायाला विचारतात. डावं इंजिन गेलं की विमानाचं नाक डावीकडे पळतं. ते सरळ धरायला उजव्या पायाने पेडल जीव खाऊन दाबावं लागतं, आणि डाव्या पायाला काही कामच उरत नाही. जो पाय रिकामा, ते इंजिन मेलं. मग त्या बाजूची दांडी हळूच मागे ओढून बघायची. काहीच फरक पडला नाही, तर खात्री झाली. हे मी इतक्यांदा घोकून घेतलंय की माझ्यामागे मुलं मला 'रिकामा पाय' म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

सुरुवात एका साध्या सकाळी झाली. तुकडीत दोघं होते, एक मिशीवाला आणि एक सतत घाम पुसणारा. मिशीवाल्याने वेग घेतला, चाकं सुटली, आणि नाक डावीकडे फिरलं. पठ्ठ्याने पाय रोवला, सावरलं, चढवलं. चांगलं केलं. फक्त माझं बोट अजून पडद्याला लागलेलंच नव्हतं.

"सर, आज इतक्या लवकर?" घामवाल्याने विचारलं.

"इंजिन काय तुला विचारून बंद पडणार आहे?" मी म्हणालो. शिक्षकाने आपली चूक कबूल करायची पद्धत नाही, आणि मला तेव्हा ती माझीच चूक वाटली होती. बाही लागली असेल.

डब्यातून उतरताना मिशीवाला सहज म्हणाला, "सर, पट्टीच्या टोकाला ती पाण्याची टाकी नवीन टाकलीत का? अर्धी निळी?"

मला कुठलीही टाकी दिसली नव्हती. मी माझ्या छोट्या पडद्याकडे बघत होतो.

हॉलचा तंत्रज्ञ आहे, त्याला सगळे पान्या म्हणतात. खिशात पाना असल्याशिवाय तो जेवायलाही बसत नाही. त्याला विचारलं तर तो दुखावलाच. "सर, डब्यात टाकी कुठून येईल? आतलं एक एक झाड मी लावलंय. टाकी असती तर मला कळलं नसतं?"

"मग त्या पोराला कशी दिसली?"

"मिशा डोळ्यांवर आल्या असतील," पान्या म्हणाला आणि चहाच्या यंत्राकडे निघून गेला.

दुपारच्या सुट्टीत हॉल रिकामा असतो. दिवे अर्धे बंद करतात, थंड हवेचं यंत्र तेवढं घुमत असतं. मी एकटाच डब्याच्या दारापर्यंत जाणारा लोखंडी पूल ओलांडून आत गेलो, दार ओढलं आणि डाव्या खुर्चीवर बसलो. आत गरम झालेल्या रबराचा आणि जुन्या गालिच्याचा वास असतो, मला तो आवडतो. डबा सुरू केला. पडदा उजळला आणि समोर आलेली धावपट्टी आमची नव्हती.

आमची पट्टी रुंद आहे, काळीभोर आहे, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या ओळी आहेत. ही अरुंद होती, मधली पांढरी रेघ झिजून तुटक झालेली. डावीकडे निलगिरीच्या उंच झाडांची रांग. टोकाला पाण्याची टाकी, वरचा अर्धा भाग निळा, खालचा उघडा सिमेंटचा. टाकीच्या उजव्या अंगाने एक नांगरलेलं शेत लांबवर गेलेलं, आणि शेताच्या कडेला तारेचं कुंपण. कुंपणाच्या खांबांपैकी एक जरा जाड दिसत होता.

भीती वाटली असं म्हणणार नाही. राग आला. कोणीतरी माझी थट्टा करतंय आणि पान्या त्यात सामील आहे, असं वाटलं. म्हटलं, चला, तुमची पट्टी बघू तरी. दोन्ही दांड्या पुढे ढकलल्या. चाकं सुटली आणि माझा डावा पाय रिकामा झाला.

मी सगळं पुस्तकातल्यासारखं केलं. उजवा पाय रोवला, डावी दांडी ओढून खात्री केली, चाकं वर घेतली, जिवंत इंजिनाच्या बाजूला विमान थोडं कलतं धरलं. चढेना. दोनपैकी एक इंजिन गेलं तर माणसाला वाटतं, अर्धं तरी उरलं. उरत नाही. अंगावर ओझं, हवा तापलेली, आणि जे उरतं ते विमान जेमतेम हवेत धरायला पुरतं. टाकी मोठी होत आली. मी नाक वर ओढलं, कोणीही ओढेल. वेग पडला. आणि वेग फार पडला की उरलेलं इंजिनच घात करतं. एका बाजूने ओढणारं कोणी नाही, दुसरं पूर्ण जोराने ओढतंय, पाय कितीही दाबला तरी पुरत नाही, आणि ते चांगलं इंजिन विमान उलटं करून जमिनीवर टाकतं.

पडदा लाल होऊन गोठला. अपघात झाला की डबा असा गोठतो.

पान्याला हाक मारली. तो आला तेव्हा समोर आमची रुंद, काळी पट्टी होती.

"सर, जेवलात का?" त्याने विचारलं. एवढंच विचारलं, पण ज्या सुरात विचारलं तो सूर मला ओळखीचा आहे. बायको गेल्यावर सगळे बराच काळ माझ्याशी त्याच सुरात बोलत होते.

त्यानंतर मी रोज दुपारी एकटा जाऊन बसू लागलो. त्या पहिल्या सकाळनंतर, बरोबर कोणी असलं तर आमची पट्टी. एकटा असलो तर ती. दर वेळी डावंच इंजिन, त्याच जागी. मी विमान लवकर वळवून पाहिलं, उशिरा वळवून पाहिलं, झाडांच्या वरून निसटायचा प्रयत्न केला. काहीही केलं तरी शेवट लाल.

मुलगी रविवारी फोन करते. तिच्या आईने लावलेला नियम आहे तो, आई गेली तरी चालू आहे. मुलगीही वैमानिक. दोन इंजिनांचं छोटं विमान घेऊन एकटीच लांबच्या गावांना औषधं आणि पार्सलं पोचवते. आमचं बोलणं म्हणजे हवा कशी आहे, जेवलीस का, जेवलात का. प्रेमाचं कसं बोलायचं ते आमच्या घरात एकटीला येत होतं, आणि तीच आता नाही.

"इथे मजा चाललीय," मुलगी म्हणाली. "टाकीला रंग देत होते. अर्धी निळी झाली आणि रंगारी पळून गेला. आता सगळे त्या टाकीला अर्धी चड्डी म्हणतात."



"कुठली टाकी?"

"पाण्याची. आमच्या पट्टीच्या टोकाला."

"आणि डावीकडे निलगिरी आहे? रांगेने?"

"हो. मी फोटो पाठवला होता का तुम्हाला?"

"पाठवला असशील," मी म्हणालो. पाठवला नव्हता. तिने कधीच काही पाठवलेलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नकोच. मी आयुष्यभर आकडे आणि काटे यांवर विश्वास ठेवलेला माणूस. नवस, शकुन, स्वप्न यांना हसणारा. पण मी शिक्षकही आहे, आणि एकच अपघात पुन्हा पुन्हा त्याच जागी करून दाखवणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. त्याला सराव म्हणतात. कोणीतरी माझ्याकडून सराव करून घेत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डोकं थंड ठेवून बसलो आणि या वेळी पट्टीच्या पलीकडे नीट पाहिलं. कुंपणाचा जाड खांब खांब नव्हता. शेतात कोणीतरी उभं होतं.

पाठमोरं.

डब्यात माणसं नसतात. आमच्या चित्रांत इमारती असतात, गाड्या असतात, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते. माणसं कोणी काढतच नाही. मी उडालो, पाय रिकामा झाला, टाकी आली, विमान उलटलं. जमीन डोक्यावर आली आणि चित्र गोठलं. टाकी उलटी, झाडं उलटी, कुंपण उलटं. ती मात्र सुलटी उभी होती. करडा स्वेटर, मानेवर बांधलेले केस, उजवा हात उजव्या कानावर आणि डाव्या हाताने धरलेलं उजवं कोपर.

माझ्या बायकोने माझं एकही उड्डाण बघितलं नाही. सोडायला यायची. कुंपणापाशी उभी राहायची आणि विमान हललं की पाठ करायची. इंजिनाचा आवाज तिला सहन व्हायचा नाही, म्हणून कानावर हात, आणि दुसऱ्या कानाने मात्र ऐकत राहायची. मी चिडवायचो, अगं, बायका नवऱ्याला हात हलवून निरोप देतात, तू पाठ दाखवतेस. ती म्हणायची, "अहो, तुमचं नीट उडालं की नाही ते मला आवाजावरून कळतं. बघायला कशाला हवं? बघितलं की धीर सुटतो."

मी लाल पडद्यापुढे किती वेळ बसलो माहीत नाही. पुढची तुकडी दार वाजवायला लागली तेव्हा उठलो.

खरं सांगतो, त्यानंतरच्या काही दुपारी मी मुलीसाठी गेलो नाही. विमान उलटताना बायको जवळ दिसायची, म्हणून गेलो. इतकी वर्षं पुसट होत चाललेली पाठ पुन्हा स्पष्ट दिसत होती. स्वेटरच्या कोपराला दुसऱ्या रंगाच्या लोकरीने घातलेलं रफू दिसत होतं. माझ्या एकटेपणाला ती पाठ पुरत होती. उलटं लटकून का होईना, दिवसातून एकदा मी घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

पण ती वळत नव्हती. कानावरचा हात काढत नव्हती. ऐकत होती फक्त, आणि तिला जे ऐकायचं होतं ते मी करत नव्हतो.

मग एका दुपारी मला आवाज कळला. उलटण्याच्या आधी उजवं इंजिन ओरडतं. पूर्ण जोराने, एकटंच. तेच मला मारत होतं आणि मी त्यालाच धरून बसलो होतो. चालू असलेलं इंजिन माणसाला सोडवत नाही. आम्हा लोकांचा हा रोगच आहे. इतकं शिकलेलं असतं, इतका सराव असतो, की एका इंजिनावर चढून दाखवायचंच असं डोक्यात बसतं. समोर शेत मोकळं असतं आणि आपण टाकीशी भांडत असतो.

मी पुन्हा सुरुवात केली. वेग, चाकं, रिकामा पाय. आणि या वेळी मी उजवी दांडीही मागे ओढली. दोन्ही.

डब्यात एकदम शांत झालं. नाक आपोआप सरळ झालं. पाय सैल सोडले तरी चाललं. मी ते विमान टाकीच्या उजवीकडून, तसंच खाली, नांगरलेल्या शेतात बसवलं. डबा खडखडला, हादरला, थांबला. पडदा लाल झाला नाही.

ती समोरच होती. चार पावलांवर.

मी रेडिओचं बटण दाबलं आणि म्हणालो, "अगं."

ती वळली नाही. पण तिने कानावरचा हात खाली घेतला.

त्या संध्याकाळी मी फोन केला. रविवार नव्हता, म्हणून मुलगी घाबरूनच बोलली.

"काय झालं? तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय. तुझं डावं इंजिन कसं आहे?"

"कसं म्हणजे? डावीकडे आहे."

"थट्टा नको. ऐक. तुझ्या त्या पट्टीवरून उडताना, चाकं सुटल्यावर डावं गेलं, तर चढायला जाऊ नकोस. उजवंही मागे ओढ. दोन्ही ओढायची आणि टाकीच्या उजव्या अंगाने शेतात बसायचं."



"चालू इंजिन बंद करू?" ती म्हणाली. "मला पेडल दाबायला कोणी शिकवलं? पाय रोव, नाक सांभाळ, चढ, हे कोण ओरडत होतं मागे बसून?"

"ते लांब पट्टीवर. तिथे तू टाकीच्या वर जाणार नाहीस."

"बाबा, तुम्ही इथे कधी आलाच नाहीत."

 "डब्यात उडवून बघितली मी ती पट्टी," मी म्हणालो.

"डब्यात ही पट्टी आहे?"

"आहे."

 ती अगदी हळू, पान्याच्याच सुरात म्हणाली, "जेवता ना वेळेवर?"

"जेवतो. कबूल कर आधी. नाहीतर थोडे दिवस उडू नकोस."

"किती दिवस? आणि कारण काय सांगू, वडलांना वाटतं म्हणून? तुमचा माझ्यावर भरवसाच नाही. कधीच नव्हता."

"भरवसा आहे म्हणून सांगतोय ना!" मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या आईच्या तोंडी 'बघते' म्हणजे 'नाही' असायचं.

रविवार आला. फोन आला नाही. मी केला, तिने घेतला नाही. निरोप आला: कामात आहे, ठीक आहे. मी रोज दुपारी डब्यात जाऊन ते शेत गाठत होतो. ती पाठमोरी उभी असायची, हात खाली सोडलेले. मी तिला सगळं सांगायचो. लेक तुझ्यावर गेलीय, ऐकत नाही. तूच सांग तिला. रेडिओचं बटण दाबून सांगायचो, जणू कुठे पोचणार होतं.

मग एका दुपारी डबा सुरू केला आणि समोर आमची पट्टी आली.

रुंद, काळी, दिव्यांची. मी बंद केला, पुन्हा सुरू केला. आमचीच.

एकटा होतो. दार लावलेलं होतं. निलगिरी नव्हती, टाकी नव्हती, ती नव्हती.

सराव संपला होता. म्हणजे परीक्षा झाली होती.

मी पुलावरून धावलो. फोन टेबलावर होता. लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

पान्या काहीतरी विचारत होता.

पुन्हा लावला.

हातातच वाजला तो.

"बाबा."

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"बाबा, मी शेतात आहे. ठीक आहे मी. विमानाची पार वाट लागलीय. मी ठीक आहे." ती रडत नव्हती, पण दात वाजत होते तिचे. "डावं गेलं. तुम्ही म्हणालात तसंच, तिथेच. पाय रिकामा झाला, आणि मी चढायलाच निघाले होते. पण तुमचा इतका राग आला होता ना, तो राग डोक्यात बसलेला, की दोन्ही ओढ, दोन्ही ओढ, असं एकच वाक्य ऐकू यायला लागलं. ओढली."

"बरं केलंस," मी म्हणालो. मग जे मला कधी जमलं नव्हतं ते म्हणालो. "तुला काही झालं असतं तर मी जगलो नसतो."

 वारा ऐकू येत होता, आणि लांबून धावत येणाऱ्या कोणाच्या तरी हाका.

"बाबा, शेतात कोणीतरी होतं. बाई होती. पाठ करून. मला वाटलं, आता धडकते. थांबले तेव्हा नव्हती."

"घाबरल्यावर काहीही दिसतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "तसंच असेल."

दोघांनाही दुसऱ्याला काय म्हणायचं होतं ते कळलं होतं. 

त्यानंतर ती घरी राहून गेली. तिसऱ्या खोलीचं दार उघडलं, झाडून घेतलं, गादी उन्हात टाकली. मी तिला डबा दाखवायला नेलं. ती डावीकडे, मी मागे. आमचीच पट्टी आली. तिने एकदा विचारलं, "इथेच बघितलंत?" मी हो म्हटलं. तिने पुन्हा विषय काढला नाही. फक्त निघायच्या दिवशी कपाट उघडून आईचा करडा स्वेटर मागितला, आणि घालून गेली. घर होतं तसं झालं. दुपारी डब्यात जायचं मी सोडून दिलं. गेलो तरी आमची पट्टी, आमची झाडं. मला माझी मुलगी मिळाली होती, तक्रार करायची काही गरज नव्हती. तरी जेवताना ती पाठ आठवायची.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. आवाज आनंदी होता. "नवीन विमान मिळालं. नवीन जागाही दिलीय. पट्टी दोन टेकड्यांच्या मधून जाते, आणि संपली की लगेच पाणी. इतकं सुंदर आहे ना, बाबा. पुढच्या सोमवारपासून सुरू."

"शेत आहे का कुठे?" मी विचारलं.

"शेत कुठलं? पाणीच पाणी."

आज दुपारी हॉल रिकामा झाल्यावर मी पूल ओलांडून गेलो. दार ओढलं. डाव्या खुर्चीवर बसलो. पेडलवर पाय ठेवले आणि डबा सुरू करायला हात पुढे केला, तेवढ्यात माझ्या पाठीमागे खटका वाजला. दोनदा.

तिसऱ्या खुर्चीचा पट्टा.

मी वळून बघितलं नाही. बघितलं की धीर सुटतो.

पडदा उजळला. डावीकडे टेकडी, उजवीकडे टेकडी, मधून गेलेली पट्टी आणि तिच्या टोकाला पाणी. किनाऱ्यावर कोणी उभं नव्हतं.

मी दोन्ही दांड्या पुढे ढकलल्या. वेग आला, चाकं सुटली, आणि माझा उजवा पाय रिकामा झाला.